नऊ चौकोनांचा मुलगा

१

एक घर होतं. घराखाली दुकान होतं, दुकानापुढे गल्ली होती, गल्लीच्या टोकाला दिव्याचा खांब होता. घरात एक आई होती. तिला दोन मुलगे होते, एक थोरला, एक धाकटा. थोरल्याला पुढे बायको आली. ती यायच्या आधीच धाकटा निघून गेला होता.

त्यातली आई म्हणजे मी.

दुकान फोटोंचं, पण वेगळ्या तऱ्हेचं. माणूस गेलं की दोन दिवसांनी घरच्यांच्या ध्यानात येतं, अरे, याचा एकट्याचा फोटोच नाही. मग शोधाशोध होते आणि कुठल्या तरी घोळक्यातला फोटो घेऊन ती माणसं आमच्याकडे येतात. "हा बघा, मागच्या रांगेतला. टोपीवाल्याच्या आड अर्धा दिसतोय तो." सून तो फोटो मशीनवर ठेवून कॉम्प्युटरमध्ये घेते, तेवढंच तोंड मोठं करते, आजूबाजूचे कापून टाकते, आणि थोरला चौकट ठोकतो. मेल्यावर माणूस मोठा होतो म्हणतात. आमच्याकडे तो खरोखरच होतो, दीड हात.

माझं काम डाग शोधायचं. जुन्या फोटोवर धूळ असते, बुरशी असते, माशीने केलेली घाण असते. मोठं करून एकेक कोपरा बघायचा आणि डाग सापडला की त्यावर लाल टिंब द्यायचं. सून मग ते पुसते. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून मला सुईत दोरा एका झटक्यात ओवता येतो. ती दोघं शिकलेली, पण डाग त्यांना दिसत नाहीत. त्यांचे डोळे आधी तोंडाकडे जातात. माझे डागाकडे.

तेव्हा मी अक्षरशत्रू होते. अक्षरं मी नंतर शिकले. का शिकले, तेच सांगायचंय.

२

सुनेने मला बटणं चित्रांवरून शिकवली. भिंगात अधिक म्हणजे मोठं. भिंगात वजा म्हणजे लहान. सूर्य म्हणजे उजेड. चार कोपऱ्यांत चार बाण म्हणजे आख्खा फोटो पडद्यावर मावेल तसा. आणि त्याच्या शेजारी एक उभी रेघ, तिच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून बसलेले दोन त्रिकोण.

"हे भांडलेत का गं?" मी विचारलं.

"त्याचं आपल्याला काम नाही, आई," सून म्हणाली.

पहिल्या दिवशी मी अधिक दाबायला घाबरत होते. "ताणून ताणून फाटला तर? लोकांचा एकुलता एक फोटो."

"अहो, फोटो मोठा होतच नाही. आपलं बघणं मोठं होतं. ही फक्त बघायची सेटिंग आहे, मूळ फोटोला काही होत नाही."

हे वाक्य मी पाठ करून ठेवलं. मला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ऐकलेलं विसरत नसे.

फार मोठं केलं की तोंडाचे चौकोन होतात. नाक म्हणजे तीन चौकोन, डोळा म्हणजे एक काळा. ते गुळगुळीत दाखवायचीही सोय आहे म्हणे. मी ती बंद करायला लावली. गुळगुळीत केलं की मधलं मधलं मशीन आपल्या मनाने भरतं. मला डाग शोधायचा होता, मशीनचं मन नको होतं. आणखी एक सोय मात्र मी मागून घेतली. फोटो बंद करून दुसऱ्या दिवशी उघडला की तो होता तिथेच, होता तेवढाच उघडायला हवा, म्हणजे काल कुठपर्यंत आले ते शोधायला नको. सुनेने कुठेतरी एक बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "झालं. आता तो तुमच्यासारखाच, काही विसरणार नाही."

३

धाकट्याचं आधी सांगायला हवं.

दोघं भाऊ तीन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात राबले आणि मग आपलं दुकान काढलं. उघडायच्या दिवशी सकाळी बोर्ड आला, कागदात गुंडाळलेला. कागद फाडला तशी मी म्हटलं, "वा! काय रंग आहे!" लाल जमिनीवर पांढरी अक्षरं. मला तेवढंच कळत होतं.

धाकट्याने तो वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "आई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"नाव एकाचंच आहे."

थोरला म्हणाला रंगाऱ्याची चूक झाली, पुढच्या महिन्यात बदलू. त्याने ते बोर्डाकडे बघत म्हटलं, भावाकडे बघून नव्हे. मी आई आहे, मला तेवढ्यात कळलं. पण पाहुणे उभे होते, फोटो काढणारा घाई करत होता, आणि चारचौघांत शोभा नको म्हणून मी लहान्याला धरलं. मोठ्याला धरायची हिंमत लागते.

"नावं काय चाटायची आहेत? ये, उभा राहा."

"मी नाही राहत या फोटोत."

"मग जा. आणि परत तोंड दाखवू नकोस!"

तो गेला. फोटो काढणारा म्हणाला, "हसा," आणि मी हसले. तो फोटो दुकानात लावला होता. दाराशी मी आणि थोरला, डोक्यावर बोर्ड, मागे लांबपर्यंत गल्ली. त्यात मी हसतेय.

अशी अकरा वर्षं गेली. पोलिसांत सांगून झालं, बंदरावर जाऊन झालं, जो कोणी लांबच्या गावाहून येई त्याला विचारून झालं. दिवा घेऊन शोधलं म्हणतात तसं. काही नाही. शब्द काही थुंकी नव्हे, परत गिळता येत नाही.

४

गेल्या वर्षी भिंतीला ओल आली आणि त्या फोटोवर डाग पडले. थोरला म्हणाला, काचेतून काढून साफ करून घेऊ. सुनेने तो कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि माझ्यापुढे उघडून दिला.

दुपारची वेळ. जेवणं झाली की थोरला दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो आणि दोघं वर जाऊन पडतात. खाली मी, पंखा आणि कॉम्प्युटरची घरघर. शटरखालून ऊन आत येतं, गुडघ्याएवढं.

मी वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. आभाळात डाग, बोर्डावर डाग, माझ्या पदरावर डाग. मग गल्ली. गल्लीच्या टोकाला खांबाजवळ एक काळं टिंब होतं. मी लाल खूण करणार, तेवढ्यात वाटलं, डाग असा उभा नसतो.

अधिक दाबलं. पुन्हा दाबलं. चौदा वेळा.

उंचीला नऊ चौकोन. वरचे दोन काळे, म्हणजे केस. मधे चार निळसर. त्या दिवशी त्याने निळा शर्ट घातला होता. खाली तीन करडे, आणि निळ्यावरून तिरका एक फिका चौकोन, म्हणजे पिशवीचा पट्टा. तोंडाचा चौकोन नव्हता. पाठ होती.

मी तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं, आणि तो दाखवत नव्हता.

खांब त्याच्या डाव्या अंगाला, दोन चौकोनांवर. मी पडद्यावर बोट ठेवलं. पडदा गरम होता, पण ते मशीन चालू असल्यामुळे.

"डाग नाही," मी सुनेला सांगितलं. "माणूस आहे. पुसू नकोस."

५

त्यानंतर रोज दुपारी मी तो उघडू लागले. खूण केलेली होती, त्यामुळे उघडला की सरळ तोच यायचा, नऊ चौकोन. बाकीचा फोटो मला नकोच होता. त्यात मी हसतेय.

मी त्याच्याशी बोलायचे. मनात नाही, मोठ्याने. वर झोपलेली दोघं, ऐकतंय कोण? "तोंड दाखव रे. मी रागात बोलले. आईचं बोलणं कोणी एवढं मनावर घेतं का?"

एका दुपारी माझं लक्ष त्या दोन त्रिकोणांकडे गेलं. पाठीला पाठ. मला वाटलं, हे बटण पाठ फिरवायचंच असणार. सून म्हणाली होती आपल्याला त्याचं काम नाही. तिला नसेल, मला होतं.

मी दाबलं.

चौकोन हलले. खांब त्याच्या डाव्या अंगाला होता तो उजव्या अंगाला आला. मी खुर्ची पुढे ओढली, कारण माणूस मागे वळला की असंच होतं. डावीकडचं उजवीकडे येतं. वळला म्हणजे! पण वरचे दोन चौकोन अजून काळेच होते. मी सूर्य वाढवून बघितला, कमी करून बघितला. काळेच. शेवटी डोळ्यांत पाणी आलं तेव्हा बंद केलं.

दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा वरून दुसरा चौकोन काळा नव्हता. गव्हाच्या रंगाचा होता.

६

मी काही खुळी नाही. आधी मी स्वतःलाच धरलं. डोळ्यांचे थेंब घातले होते का? घातले होते. पडद्यावर ऊन होतं का? नव्हतं. मग मी काडेपेटीतली एक काडी घेतली आणि ती पडद्याला लावून त्याची उंची मोजली, नखाने खूण केली. पाऊण काडी.

तिसऱ्या दिवशी एक काडी. आठवड्याने दोन.

मी अधिकला हात लावला नव्हता. मुख्य म्हणजे वजालाही नाही. वजा दाबलं तर तो परत टिंब होईल, ही भीती. लहान मूल पहिली पावलं टाकत येत असलं की आपण श्वाससुद्धा जपून घेतो ना, तसं.

"अगं," मी सुनेला विचारलं, "मोठं करून ठेवलेलं माणूस आपणहून आणखी मोठं होतं का?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "कसं होईल? ही फक्त बघायची..."

"...सेटिंग आहे, माहीत आहे. ये, बघ."

ती आली, वाकून बघितलं. "मला तर नुसते चौकोन दिसतात, आई. कोण आहे हा?"

मी सांगितलं नाही. तिने दिराला कधी बघितलं नव्हतं. आणि त्या घरात त्याचं नाव काढलं की थोरला जेवता जेवता उठायचा.

एकदा वाटलं, पुरे, बंद करून टाकावं. कारण तो चालताना दिसत नसे. पाय दोन्ही तसेच, सरळ, चौकोनी. आज उघडला की कालच्यापेक्षा जवळ, बस. मी बघत असताना तो उभा असे. मी वर जाऊन झोपल्यावर तो येत असणार.

मग एका दुपारी त्याच्या डोक्यावर आमच्या दुकानाचा बोर्ड आला. लाल जमीन, पांढरी अक्षरं, एकेक माझ्या तळहाताएवढं. मी अक्षरांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आमची ओळख नव्हती. दुसरं कोणी असतं तर त्याच क्षणी ओरडलं असतं. मला वाटलं, चला, दारापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी फोटो उघडला तर पडदाभर एकच रंग होता. गव्हाचा. ना डोळा, ना नाक. इतक्या जवळून माणसाचं तोंड दिसत नाही.

शटरवर कोणीतरी तीनदा बोट वाजवलं.

मी वळून बघितलं. शटरखालच्या उन्हात दोन पाय होते, सरळ उभे.

"आई," तो म्हणाला, "तोंड दाखवायला आलोय."

७

मग काय सांगू! थोरला जिन्यावरून धावत आला आणि भावाच्या गळ्यात पडून रडला, चाळीस वर्षांचा बाप्या. "बोर्ड बदलतो," हेच म्हणत राहिला, "उद्याच बदलतो." सुनेने चहा ठेवला, तो उतू गेला, पुन्हा ठेवला. समोरचा शिंपी काचेचं दार उघडं टाकून आला. हा शिंपी म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र.

"कुठे होतास रे इतकी वर्षं?"

"बोटीवर. मग दुसऱ्या बोटीवर."

"बोटीवर शिंपी नसतो वाटतं! हा शर्ट कोणी शिवला? बटणपट्टी बघ, बायकांच्या बाजूला आहे!"

सगळे हसले. धाकटाही हसला, जरा उशिरा, आमच्याकडे बघून.

त्याला वर न्यायला निघालो. आमचा जिना दुकानात शिरलं की डावीकडे. तो उजवीकडे गेला आणि पाय उचलून भिंतीला लावला. लावला तो तसाच ठेवला थोडा वेळ, पायरी येईल अशी वाट बघत असल्यासारखा.

"अकरा वर्षं," मी म्हटलं. "विसरला बिचारा."

जेवायला डावा हात पुढे केला. उजव्याला बोटीवर मार लागला म्हणाला. लागतो. भुवईवरची खोक लहानपणी पलंगावरून पडला तेव्हाची, डाव्या भुवईवर. ती उजवीकडे होती. म्हातारी आहेस, मी स्वतःला म्हटलं. तुझ्या समोर बसलेल्याची डावी ती तुझी उजवी, गोंधळ होतो. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले. तरी ती उजवीकडेच होती.

"मावशी, मुलगा पुढ्यात बसलाय, अजून काय तपासताय?" शिंपी म्हणाला. "हातच्या काकणाला आरसा कशाला!"

संध्याकाळी तो अंघोळ करून आला. मी त्याचं डोकं टॉवेलने पुसायला घेतलं, लहानपणी पुसायचे तसं. डोक्यावर मागे भोवरा असतो ना, तो आईइतका कोणाला माहीत नसतो. धाकट्याचा भोवरा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरायचा. मी रोज त्यात बोट घालून फिरवायचे आणि तो झोपायचा. माझं बोट आपणहून तिकडे गेलं आणि फिरू लागलं. केस उलटे उभे राहिले.

तो डोळे मिटून म्हणाला, "आई, दुसरीकडून."

८

तीन दिवसांनी सुनेने तो जुना फोटो पुन्हा उघडला. डाग पुसायचे राहिले होते. पडदाभर गव्हाचा रंग बघून ती म्हणाली, "हे काय उघडून ठेवलंय?" आणि चार बाण दाबले.

आख्खा फोटो आला. मी म्हटलं, "वजा नको दाबू," पण तिने वजा दाबलंच नव्हतं.

"अगंबाई! आई, तुम्ही आरसा करून ठेवलाय. बघा, बोर्डावरची अक्षरं सगळी उलटी. हे दोन त्रिकोण दाबले होते का?"

"आरसा?"

"डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. पण घाबरू नका, ही फक्त..."

गल्लीच्या टोकाला खांब होता. खांबाजवळ कोणी नव्हतं. मी दोनदा बघितलं. मला डाग दिसतो तसाच डाग नसलेलाही दिसतो.

सुनेने त्रिकोण दाबले. सगळा फोटो पान उलटावं तसा उलटला. थोरला माझ्या त्या बाजूचा या बाजूला आला, जिथे तो त्या दिवशी होता. आणि खांबाजवळ काळं टिंब होतं.

"वर जा तू," मी तिला म्हटलं. "मी बघते डाग."

ती गेल्यावर मी चौदा वेळा अधिक दाबलं. नऊ चौकोन. पाठ. खांब डाव्या अंगाला, दोन चौकोनांवर. एक पाऊलसुद्धा हलला नव्हता. एवढे दिवस मी हाक मारत होते ती त्याला पोचलीच नव्हती. ती दुसऱ्याच कोणाला पोचली होती, आणि तो बिचारा शहाण्यासारखा आला होता.

तोंडातून सवयीने निघून गेलं, "तोंड दाखव रे."

वरून दुसरा चौकोन काळा होता. मी बघत होते, तो काळाच होता. कडेला मात्र एक बारीक उजळ रेघ आल्यासारखी वाटली, गालाएवढी.

मागून खांद्यावर हात आला. डावा.

"ते बंद कर ना, आई," तो म्हणाला. प्रेमाने म्हणाला, खोटं कशाला बोलू. "मी आलोय ना?"

मी विचार केला. अकरा वर्षं रिकामी होती ती खुर्ची. थोरला पुन्हा हसून जेवत होता. आणि समजा दुसराही आला, तर दोघांपैकी कोणाला जा म्हणायचं? कुठल्या तोंडाने?

मी बंद केलं.

त्याच संध्याकाळी सुनेला म्हटलं, मला अक्षरं शिकव. "आता? सत्तराव्या वर्षी?" ती हसली. मी म्हटलं, मला सुलटं कुठलं आणि उलटं कुठलं ते कळायला हवं. चार महिन्यांत मी शिकले.

९

उद्या उद्या करत शेवटी नवा बोर्ड आला. कागद फाडला आणि मी वाचला, एकटीने, मोठ्याने. दोन नावं. अक्षरं सुलटी. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोड्या बोर्डासाठी, जास्त माझ्यासाठी.

"वाच ना तूही," थोरला भावाला म्हणाला.

धाकट्याने बोर्डाकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. मग तो बोर्डाकडे पाठ करून उभा राहिला, समोर शिंप्याच्या काचेच्या दाराकडे तोंड करून. काचेत बोर्ड दिसत होता. ओठ हलवत त्याने तो वाचला आणि त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"छान आलंय," तो म्हणाला. "आपलं दोघांचं."

फोटो काढायचा ठरला. जुन्यासारखाच, दाराशी उभं राहून, पण या वेळी सगळे. शिंप्याने काढला. "हसा," तो म्हणाला, आणि आम्ही चौघंही हसलो.

दुपारी सुनेने तो कॉम्प्युटरवर उघडला. थोरला खुर्चीमागे उभा, धाकटा जिन्यात बसून सफरचंद खात होता, डाव्या हाताने. मी शेजारी, सवयीने डाग शोधत.

"छान आलाय हं," थोरला म्हणाला. "थांब, मागे कोणीतरी आलंय वाटतं. गल्लीच्या टोकाला."

"हो की," सून म्हणाली. "खांबाच्या पुढे. निळं काहीतरी घातलंय. आपल्याकडेच बघतोय बहुतेक. मोठं करू का?"

जिन्यातलं चावणं थांबलं.

मला मोठं करायची गरज नव्हती. त्या टिंबात वर काळं होतं, आणि काळ्याखाली गव्हाच्या रंगाचं. शेवटी त्याने दाखवलं होतं.

"आई?" सुनेचं बोट अधिकवर होतं. "ओळखीचा आहे का कोणी?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "काप."

तिने कापलं. फोटो भिंतीवर लागला, नव्या चौकटीत, ओल लागू नये म्हणून दुसऱ्या भिंतीवर. त्यात गल्ली अर्धीच आहे, खांब नाही. गेलेला मुलगा घरी आला, भावाला भाऊ मिळाला, बोर्डावर नावाशेजारी नाव लागलं, आणि ते आईला वाचता आलं. जिला दोन मुलगे होते, तिचे दोन मुलगे आज घरात आहेत. दोनच.